नव्वद सेकंदांत मोजला जाणारा वेग: एमएस आणि घरबसल्या आकलनचाचणी

पडद्यावर वरच्या ओळीत नऊ खुणा दिसतात. त्यांना अर्थ नाही, नाव नाही. प्रत्येक खुणेखाली १ ते ९ मधला एक आकडा आहे. खाली त्याच खुणा उलटसुलट क्रमाने येत राहतात आणि तुम्ही वर बघून एकेकीचा आकडा सांगत जायचं. वेळ ९० सेकंद. यात पाठांतर लागत नाही, गणित येत नाही, सामान्यज्ञानाचा प्रश्न नाही. आठ वर्षांच्या मुलालाही ही चाचणी देता येते. आणि तरीही मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, झालेल्या माणसाच्या विचारशक्तीवर आजाराचा परिणाम झाला आहे का, हे पाहायला जगभरातले तज्ज्ञ सर्वांत आधी हीच चाचणी हातात घेतात.

तिचं नाव सिम्बॉल डिजिट मोडॅलिटीज टेस्ट, थोडक्यात एसडीएमटी. अ‍ॅरन स्मिथ या मानसशास्त्रज्ञाने ती १९७३ मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा ती कागदावर होती. आज अशाच चाचण्या टॅबवर, फोनवर, घरच्या संगणकावर करता येतात. त्या कशासाठी असतात, त्यांतून काय कळतं आणि येणाऱ्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हे एमएस असलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना नीट कळायला हवं. कारण हा आकडा चुकीचा वाचला तर माणूस विनाकारण घाबरतो, नाहीतर उलट, खरी अडचण असूनही ‘सगळं ठीक आहे’ असं ऐकून घरी परततो.

आधी वेगच का मोजायचा, ते पाहू. आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण असतं. ते सलग नसतं, मध्ये मध्ये बारीक खाचा असतात आणि विद्युतसंदेश एका खाचेतून पुढच्या खाचेत उड्या मारत जातो. आवरण असलेल्या जाड तंतूत हा संदेश सेकंदाला १०० मीटरच्या आसपास वेग गाठू शकतो. मुळातच आवरण नसलेल्या बारीक तंतूत तो सेकंदाला जेमतेम एखादा मीटर जातो. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या या आवरणावर हल्ला करते. आवरण गेलेल्या जागी संदेश मंदावतो, कधी अर्ध्यातच विरतो. पुढे काही तंतू स्वतःही नष्ट होतात, आणि मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना जोडणाऱ्या थॅलॅमससारख्या केंद्राचं आकारमान घटतं.

आता विचार करणं म्हणजे काय, तर मेंदूच्या अनेक भागांनी एकाच वेळी एकमेकांशी बोलणं. चार जण गप्पा मारत असताना तुम्हाला एकाचं वाक्य ऐकायचं असतं, ते थोडा वेळ मनात धरायचं असतं, आधीच्या बोलण्याशी जोडायचं असतं, आणि उत्तरही जुळवायचं असतं. यातला एक संदेश जरा उशिरा पोचला तरी मनात धरलेलं पहिलं वाक्य तोवर निसटतं. माणसाला वाटतं, आपली स्मरणशक्ती गेली. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती गोष्ट मुळात नीट नोंदलीच गेलेली नसते, कारण नोंद होण्याआधीच पुढची गोष्ट येऊन धडकली. एमएसमध्ये आकलनाची जी तक्रार सर्वांत जास्त दिसते ती हीच: माहिती हाताळण्याचा वेग कमी होणं. त्याखालोखाल नवीन गोष्ट शिकून लक्षात ठेवणं अवघड जातं. शब्दसंग्रह, जुनं ज्ञान, वर्षानुवर्षं केलेल्या कामातली समज यांना तुलनेने धक्का कमी लागतो. म्हणूनच अल्झायमरमधल्या विसरण्याशी याची बरोबरी करू नये. तिथे शिकलेलं लवकर पुसलं जातं. एमएसमध्ये शिकायलाच जास्त वेळ आणि जास्त उजळणी लागते, पण एकदा शिकलेलं बऱ्याच अंशी टिकतं.

ही गोष्ट वैद्यकाला नवीन नाही, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं. फ्रेंच मज्जातज्ज्ञ जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. स्मरणशक्ती क्षीण होते, कल्पना हळूहळू आकार घेतात, असं त्यांनी आपल्या व्याख्यानांत सांगितलं होतं. तरीही पुढची शंभर वर्षं हा मुद्दा बाजूलाच पडला. एमएसची तीव्रता मोजायला सर्वत्र वापरली जाणारी पट्टी म्हणजे जॉन कुर्त्सके यांची ईडीएसएस, जिचं आजचं रूप १९८३ चं. ती ० ते १० अशी आहे, आणि ४ च्या पुढे ती प्रामुख्याने माणूस किती चालू शकतो यावरच ठरते. म्हणजे एखाद्याची पावलं ठीक पडत असतील, पण त्याला कामावरची बैठक समजेनाशी झाली असेल, तर या पट्टीवर तो जवळपास धडधाकट ठरतो. १९९१ मध्ये स्टीफन राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएस असलेले १०० जण आणि तेवढेच निरोगी लोक घेऊन सविस्तर चाचण्या केल्या. रुग्णांपैकी ४३ टक्क्यांमध्ये आकलनाचा दोष आढळला. नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण साधारण ४० ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान येत राहिलं.

इतकं असूनही ही अडचण दिसत नाही. काठी दिसते, लंगडणं दिसतं. डोक्यातलं धुकं कुणाला दिसत नाही. मग घरचे म्हणतात लक्ष नाही, साहेब म्हणतात कामात रस राहिला नाही, आणि माणूस स्वतःला आळशी समजायला लागतो. एमएसमध्ये नोकरी सुटण्यामागे चालण्याच्या त्रासाइतकंच हे कारणही असतं. न दिसणाऱ्या गोष्टीला एक आकडा मिळाला की निदान बोलता तरी येतं. या चाचण्यांची खरी किंमत मला इथे वाटते.

२०१८ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने स्पष्ट शिफारस केली: एमएसचं निदान होताच, लवकरात लवकर एसडीएमटी किंवा तशीच पारखलेली एखादी चाचणी करावी आणि मग दरवर्षी तीच चाचणी पुन्हा करावी. आठ वर्षांवरच्या मुलांसाठीही हेच. याआधी २०१२ मध्ये बायकॅम्स नावाचा छोटा संच सुचवला गेला होता. त्यात एसडीएमटी, ऐकलेल्या शब्दांची यादी आठवणं, आणि पाहिलेल्या आकृत्या आठवून काढणं, असे तीन भाग असून सगळं मिळून सुमारे १५ मिनिटांत होतं. कागदावर ही १५ मिनिटं फार वाटत नाहीत. पण गर्दीच्या ओपीडीत शांत खोली, घड्याळ धरून बसणारा प्रशिक्षित माणूस आणि गुण मोजायला वेळ, हे तिन्ही एकत्र मिळणं कठीण. म्हणून शिफारस कागदावर राहते. ऑनलाइन चाचण्या आल्या त्या ही जागा भरून काढायला.

त्यांचे ढोबळ दोन प्रकार. एकात तपासणीला गेल्यावर बाहेर थांबलेले असताना टॅब हातात दिला जातो. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकने विकसित केलेल्या एमएसपीटी या आयपॅडवरच्या संचात एसडीएमटीच्या धर्तीची चाचणी आहे, शिवाय हाताची चपळाई आणि नजर तपासणारे भागही आहेत. दुसऱ्या प्रकारात माणूस स्वतःच्या घरी, स्वतःच्या फोनवर किंवा संगणकावर, कुणी शेजारी नसताना चाचणी देतो. ब्रिटनमध्ये २०११ पासून यूके एमएस रजिस्टर नावाची नोंदवही चालते. लोक घरून त्यात आपली माहिती भरतात. या नोंदवहीतल्या हजारो लोकांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी केलेल्या ऑनलाइन चाचण्या दिल्या. त्यातून असे लोक वेगळे दिसून आले ज्यांची हालचाल फारशी बिघडलेली नव्हती, पण आकलन मात्र लक्षणीय मंदावलं होतं. फक्त चालणं मोजणाऱ्या पट्टीवर नेमके हेच लोक सुटून जातात. आणि इतक्या लोकांना एकेक करून खोलीत बसवून तपासणं कुठल्याच संस्थेला परवडलं नसतं.

चाचण्या कशा असतात त्याचा थोडा अंदाज द्यायला हवा. वेगासाठी खुणा आणि आकडे, किंवा पडद्यावर काही दिसताच बटण दाबणं. मनात धरून ठेवण्यासाठी एकामागून एक उजळणारे चौकोन त्याच क्रमाने दाबून दाखवणं. लक्ष आणि आवर, म्हणजे पटकन तोंडावर येणारं उत्तर रोखणं, यासाठी ‘लाल’ हा शब्द हिरव्या रंगात लिहिलेला असताना शब्द न वाचता रंग सांगणं. १९३५ मध्ये स्ट्रूप यांनी मांडलेला हा प्रयोग अजून तितकाच त्रास देतो. पूर्वी एमएससाठी पासॅट नावाची चाचणी फार वापरली जाई. दर तीन सेकंदांनी एक आकडा ऐकू येतो आणि प्रत्येक वेळी शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज सांगायची. ती मुळात डोक्याला मार लागलेल्या लोकांसाठी होती. रुग्णांना ती इतकी ताण देणारी वाटे की काही जण अर्ध्यात सोडून देत. तिची जागा हळूहळू एसडीएमटीने घेतली हे बरंच झालं, कारण चाचणीने माणसाला रडवून मिळालेल्या आकड्यात त्याच्या विचारशक्तीइतकीच त्याची भीतीही मोजलेली असते.

आता त्या आकड्याकडे वळू, कारण गोंधळ होतो तो इथे.

अहवालात बहुधा लिहिलेलं असतं की तुमचे गुण तुमच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या निरोगी लोकांच्या सरासरीपेक्षा इतके खाली आहेत. ‘खाली’ कुठे सुरू होतं हे माणसांनी ठरवलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी सरासरीच्या खाली दीड प्रमाण विचलन ही रेघ धरतात; प्रमाण विचलन म्हणजे लोकांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले असतात याचं माप. या रेघेखाली १०० निरोगी लोकांपैकी जवळजवळ ७ जण कुठल्याही आजाराशिवाय असतातच. समजा एका संचात पाच चाचण्या आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही असं धरलं, तर १०० पैकी २९ निरोगी माणसं पाचपैकी निदान एका चाचणीत रेघेखाली जातील. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींशी थोड्याफार जोडलेल्या असतात, त्यामुळे आकडा याहून कमी येतो, पण मुद्दा तोच राहतो: एका चाचणीत गुण रेघेखाली गेले म्हणून मेंदू बिघडला असं होत नाही.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची, आणि ती फार कमी सांगितली जाते. समजा आजाराआधी एखाद्या बाईंचा वेग शंभरातल्या पंच्याण्णव जणींपेक्षा जास्त होता. आता तो घसरून बरोबर मध्यावर आला. अहवाल म्हणेल: सर्वसाधारण. पण त्या बाईंनी खूप काही गमावलेलं आहे आणि त्यांना ते रोज जाणवतं. इतरांशी केलेली तुलना त्यांची घसरण दाखवूच शकत नाही. ती दाखवू शकतो फक्त त्यांचाच जुना आकडा. म्हणून निदान झाल्या झाल्या, तक्रार काही नसतानाच, पहिली नोंद करून ठेवायची. पुढच्या सगळ्या आकड्यांना तिच्यामुळे अर्थ येतो. एसडीएमटीमध्ये साधारण ४ गुणांचा फरक दखल घेण्याजोगा मानला जातो, मात्र एवढा फरक नुसत्या वाईट दिवसानेही पडू शकतो, म्हणून काही दिवसांनी चाचणी पुन्हा करून खात्री करावी.

वाईट दिवस कशाने येतो? एमएसमध्ये शरीराचं तापमान थोडं वाढलं तरी लक्षणं तात्पुरती वाढतात. विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये व्यायामानंतर रुग्णांची नजर अधू होते हे नोंदवलं होतं, त्यावरून याला उथॉफचा परिणाम म्हणतात. उकाड्यात, तापात, दमून आल्यावर दिलेली चाचणी खालीच येणार. लघवीच्या जागेचा साधा संसर्गही डोकं जड करतो. रात्रीची झोप, दुखणं, आणि औषधं यांचाही वाटा असतो: मूत्राशयासाठी दिलं जाणारं ऑक्सिब्युटिनिन स्मरणावर परिणाम करू शकतं, स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं बॅक्लोफेन गुंगी आणू शकतं. म्हणून कुणी स्वतःहून गोळ्या बंद करू नयेत, पण चाचणीच्या वेळी आपण काय घेतो ते डॉक्टरांना सांगावं.

ऑनलाइन चाचणीत यात यंत्राची भर पडते. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे खूण दिसण्यातच १७ मिलिसेकंदांपर्यंत मागेपुढे होऊ शकतं. स्पर्श ओळखायला फोनला आणखी काही वेळ लागतो, बिनतारी माउस आपला उशीर जोडतो. जिथे काही मिलिसेकंदांच्या फरकावरून निष्कर्ष काढायचे असतात तिथे गेल्या वर्षी फोनवर आणि यंदा लॅपटॉपवर दिलेली चाचणी ही एकच चाचणी राहत नाही. इंटरनेट मंद असण्याची चिंता मात्र सहसा नको. नीट बांधलेल्या चाचणीत वेळ तुमच्याच यंत्रात मोजली जाते आणि निकाल नंतर पाठवला जातो.

त्याहून मोठी अडचण हातांची आणि डोळ्यांची. बोटं बधिर असतील, हात कापत असेल किंवा डोळ्याच्या नसेला सूज येऊन नजर अंधुक झाली असेल, तर बटण उशिरा दाबलं जातं आणि यंत्र समजतं की विचारच मंद आहे. समोर बसलेली तज्ज्ञ व्यक्ती हे बघते आणि एसडीएमटी तोंडी घेते. यंत्र बघत नाही. चांगल्या ऑनलाइन संचात म्हणून आधी निव्वळ बोटाचा वेग मोजणारा भाग असतो, आणि तो मुख्य निकालातून वेगळा काढला जातो. असा भाग नसेल आणि तुम्हाला हाताचा त्रास असेल, तर त्या निकालाला फार महत्त्व देऊ नका.

सरावाचाही प्रश्न आहे. तेच कोडं दुसऱ्यांदा सोपं जातं. खुणा आणि आकड्यांच्या जोड्या तशाच राहिल्या तर माणूस त्या नकळत पाठ करतो आणि गुण वाढतात. आजार वाढत असतानाही आलेख वर चढलेला दिसू शकतो. संगणकावर हे सहज टाळता येतं, कारण प्रत्येक वेळी जोड्या बदलता येतात. तरीही चाचणी देण्याची सवय होतेच. पहिली एकदोन वेळची नोंद सराव म्हणून सोडून द्यावी आणि त्यानंतरची पायाभूत धरावी, हा मला पटणारा मार्ग.

‘माझं डोकं चालत नाही’ ही स्वतःची तक्रार आणि चाचणीचा आकडा यांचा मेळ अनेकदा बसत नाही, हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. स्वतःची तक्रार आकलनाच्या गुणांपेक्षा उदासीनतेशी आणि थकव्याशी जास्त जुळते, आणि घरातल्या जवळच्या माणसाने सांगितलेलं निरीक्षण चाचणीच्या निकालाशी अधिक जुळतं, असं संशोधनात दिसलं आहे. याचा अर्थ रुग्ण खोटं बोलतो असा मुळीच नाही. उदासीनता हाही एमएसमध्ये वारंवार येणारा त्रास आहे, तो विचार मंद करतो, आणि त्यावर उपचार आहेत. चाचणी चांगली आली आणि तरी त्रास होतोय, तर पुढचा प्रश्न मनाच्या अवस्थेचा आणि झोपेचा विचारला जायला हवा. ‘काही नाही, तुम्हाला वाटतं तसं’ असं सांगून तिथेच विषय संपवणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

चाचणी द्यायची झाली तर दिवसाचा तोच वेळ निवडावा, शक्यतो सकाळचा, थकवा चढायच्या आत. तेच यंत्र, तोच चष्मा, फोनच्या सूचना बंद, खोली थंड आणि शांत. शेजारी बसून कुणी उत्तर सुचवू नये, प्रेमाने सुद्धा. आलेल्या गुणांसोबत एक ओळ लिहून ठेवावी: आज झोप कशी होती, ताप होता का, नवीन औषध सुरू झालं का, रिलॅप्स, म्हणजे आजाराचा अटॅक, नुकताच येऊन गेला का. वर्षभराने डॉक्टरांना नुसत्या आकड्यापेक्षा ही ओळ जास्त सांगून जाईल.

आणि चाचणी कोणाची आहे तेही पाहावं. ‘मेंदू किती तल्लख’ असं सांगणाऱ्या मोफत खेळांचा वैद्यकीय चाचणीशी संबंध नसतो. खरी चाचणी एमएस असलेल्या लोकांवर पारखलेली असते, तिचे तुलनेचे आकडे तुमच्या भाषेतल्या आणि वयाच्या लोकांवरून काढलेले असतात, विशेषतः शब्द आठवण्याच्या भागात. विचारशक्तीची नोंद ही तुमची अत्यंत खासगी माहिती आहे. ती मालकाच्या किंवा विमा कंपनीच्या हाती पडली तर नुकसान होऊ शकतं. माहिती कुठे साठवली जाते, कुणाला दिली जाते आणि पुसून टाकता येते का, याचं सरळ उत्तर न देणाऱ्या अ‍ॅपवर मी चाचणी देणार नाही.

गुण खरोखरच घसरले असतील तर तो निकाल घेऊन मज्जातज्ज्ञांकडे जावं. ऑनलाइन चाचणी ही गाळणी आहे. निदान तिथे होत नाही. थायरॉइड, बी १२, झोप, औषधं, उदासीनता हे आधी तपासलं जातं. कधी हातपाय ठीक असताना फक्त आकलन अचानक घसरणं हाच आजाराचा नवा अटॅक असतो, आणि मग एमआरआय करून चालू उपचार पुरेसे आहेत का हे ठरवावं लागतं. त्यानंतर न्यूरोसायकॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूच्या आजारांत विचारशक्ती तपासणारे मानसशास्त्रज्ञ, तासा-दोन तासांची सविस्तर चाचणी घेतात आणि नेमकं काय अडतंय ते सांगतात.

उपाय काय, हा प्रश्न सगळ्यांचाच. आकलन सुधारणारी गोळी अजून हाती आलेली नाही. अल्झायमरमध्ये दिली जाणारी डोनेपेझिल आणि मेमँटिन ही औषधं एमएसच्या मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरली. प्रशिक्षणाचा मात्र उपयोग होतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १३५ जणांनी घरी १२ आठवडे संगणकावर सराव केला. ज्यांना पातळीनुसार अवघड होत जाणारा सराव दिला होता त्यांची सुधारणा साधे संगणकी खेळ खेळणाऱ्यांपेक्षा जास्त झाली. स्मरणासाठी चांगला पुरावा आहे तो गोष्ट आणि चित्र या पद्धतीला: लक्षात ठेवायच्या सुट्या गोष्टी एका छोट्या गोष्टीत गुंफायच्या आणि ती डोळ्यांसमोर उभी करायची. शिकवणारं कुणी असेल तर पाच आठवड्यांत, आठवड्याला दोन बैठकांत, ही पद्धत अंगवळणी पडते.

कामाच्या जागीही मार्ग निघतात. वेग कमी झाला असेल तर वेळ वाढवून मागायचा, बैठकीचे मुद्दे आधी लेखी मागायचे, एका वेळी एकच काम घ्यायचं, अवघड काम सकाळी उरकायचं. वरिष्ठांकडे हे मागताना न्यूरोसायकॉलॉजिस्टच्या अहवालातलं एक वाक्य सोबत असलं तर फार उपयोगी पडतं: समज शाबूत आहे, वेळ जास्त लागतो.